शेवटची आठ पानं

टायपिस्ट मावशी कोणालाही गोष्ट पूर्ण वाचायला देत नसत. आधी खुनी ओळखायचा, मगच शेवटची पानं मिळायची. नवं राज्य झालं तेव्हा रायपूरला, शंकर नगरच्या एका सरकारी ऑफिसात आमची टेबलं शेजारी आली. मी नवखी, त्या पन्नाशीच्या.

शंभर वर्षांपूर्वीच्या लंडनमधल्या त्या प्रसिद्ध गुप्तहेरावर आजचे लेखक नव्या गोष्टी रचतात. मावशींना त्यांचं वेड होतं. जुन्या पुस्तकांच्या दुकानातून आणून डब्याच्या वेळेत त्या मला मराठीत सांगायच्या. त्याच्या स्वयंपाकिणीच्या तोंडून सांगितलेली एक त्यांची सर्वांत लाडकी. "माणूस दुसऱ्याचा घेतला तरी चालते," त्या म्हणायच्या, "पण घेतला म्हणून सांगा लागते. अन् वाचकाले दाखवलं नाही, ते शेवटी काढायचं नाही."

मग त्यांनी स्वतःच एक लिहिली. त्यांचा गुप्तहेर रायपूरला येतो. उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मॅनेजर मरून पडलाय, खोलीची कडी आतून. मी तीनदा चुकीचा खुनी सांगितला. पानं मिळाली नाहीत.

समता कॉलनीतल्या आमच्या मराठी मंडळाचे सचिव ती गोष्ट "वाचून परत करतो" म्हणून घेऊन गेले. गणपतीच्या स्मरणिकेत ती छापून आली, सचिवांच्या नावानं. 'शेवट संमेलनात लेखकाच्या तोंडून ऐका,' असं खाली होतं. त्याच्याही खाली, बारीक अक्षरांत, टंकलेखन म्हणून मावशींचं नाव.

त्या ओळीवरून त्यांनी दोनदा बोट फिरवलं. मी म्हटलं, "मी जाऊन भांडते."

"काहून? त्याले शेवट कुठं माहीत आहे?"

आठवड्यानं सचिव पेढे घेऊन ऑफिसात आले. "मावशी, ती शेवटची आठ पानं राहिली वाटतं."

"गोष्ट तुमची ना, भाऊ? मंग पानं तुमच्यापाशीच असतील." पेढ्यांचा डबा त्यांनी चपराशाला वाटायला दिला.

संमेलनात सचिवांनी आपल्या मनानं रचलेला शेवट वाचला. खून चौकीदारानं केला होता. टाळ्या थांबल्यावर मावशी उठल्या. "चौकीदार तर पहिल्याच पानावर सुट्टी घेऊन राजनांदगावले गेला होता. मंग कडी आतून लावली कोणं?"

सचिव कागद चाळत राहिले. मागून कोणीतरी म्हणालं, "भैया, अपनी ही कहानी भूल गए?" सारं सभागृह हसलं. मावशी हसल्या नाहीत. सचिवांकडे बघत उभ्याच राहिल्या, ते मंचावरून उतरेपर्यंत.

पुढे सचिव त्यांच्या घरी जाऊन रडले. मावशींनी चहा दिला, शेवट दिला नाही. मी म्हटलं, आता सोडा. त्या म्हणाल्या, "चोरी त्यानं चारचौघांत केली, माफी घरात मागून राहिला."

काही वर्षांनी आजारपणात, दवाखान्यात, त्यांनी मला खुन्याचं नाव सांगितलं. महिन्याभरात त्या गेल्या.

गेल्या वर्षी सचिवांचा फोन आला. आवाज पार थकलेला. "बेटा, आता तरी सांग. वय झालं माझं."

मला दया आली, खोटं कशाला बोलू? "पुढच्या स्मरणिकेत लेखिका म्हणून मावशींचं नाव छापा," मी म्हटलं, "त्याच दिवशी सांगते."

ते म्हणाले, "लोक काय म्हणतील?"

मी फोन ठेवला.