आण्णांच्या गाडीच्या पट्ट्या

गेल्या दिवाळीत मी साताऱ्याहून माहेरी, तासगावजवळच्या आमच्या गावी गेले, तेव्हा अंगणात आण्णांची पांढरी गाडी उभी होती आणि माझी भावजय तिच्या दाराशी उकिडवी बसली होती. दारावरच्या काळ्या पट्टीला ती केस वाळवायच्या ड्रायरनं गरम वारा देत होती. शेजारी खुर्ची टाकून आण्णा, म्हणजे माझे वडील. उसाची ट्रॉली घासून गेल्यानं एका बाजूची पट्टी फाटली होती, दुसऱ्या बाजूची उन्हानं भुरकट झाली होती. सांगलीहून नव्या आणल्या होत्या.

"आलीस व्हय? बस," आण्णा माझ्याकडं न बघताच म्हणाले. मग तिला, "घाई करू नगं पोरी. डिंक मऊ होऊ दे, मग दोरा घाल."

तिनं पट्टीमागं नायलॉनचा दोरा सरकवला आणि मागं-पुढं ओढत करवतीसारखा चालवला. पट्टी अलगद सुटून तिच्या हातात आली.

"लय भारी!" आण्णा म्हणाले.

मला ते कधी 'पोरी' म्हणाल्याचं आठवत नाही, 'लय भारी' तर सोडाच.

आण्णा फौजेत गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये होते. सुट्टीवर आले की अंगणात स्कूटर खोलून बसायचे. धाकटा भाऊ पाने हातात द्यायचा. मी चहा घेऊन जायची आणि कप रिकामा झाला तरी तिथंच रेंगाळायची. "हात काळं हुतील, आत जा," एवढंच ऐकायला मिळायचं. आता भाऊही फौजेत, लांब कुठंतरी. त्याची जागा रिकामी झाली आणि तिथं ही परवा घरात आलेली बसली.

"वन्सं, चहा ठेवते, थांबा," ती उठायला लागली.

"राहू दे. त्या बाजूची पट्टी मी काढते."

"तुला जमंल?" आण्णांनी विचारलं.

"तिला जमतंय की."

तिनं हसत ड्रायर माझ्या हातात दिला. तिचं ते हसणंही मला टोचलं. थोडा वारा दिला न दिला, आणि मी पट्टीच्या टोकाखाली बोटं घालून हिसका मारला. पट्टी निघाली. सोबत वरच्या काठालगतचा नखाएवढा रंगाचा टवकाही.

आण्णा उठून आले. टवक्यावरून बोट फिरवलं. मी ओरडा खायच्या तयारीत उभी.

"असू दे, हुतंय," ते म्हणाले. एखाद्या पाहुणीला म्हणावं तसं. तिच्या हातून झालं असतं तर तिला नक्की झापलं असतं त्यांनी.

मग मात्र मला राहवलं नाही. "मला कधी शिकवलं नाहीत तुम्ही."

"तू कवा म्हणालीस?" त्यांनी खरंच आश्चर्यानं विचारलं. "हिनं आल्या आल्या विचारलं, आण्णा, मला गाडी शिकवा. शिकवली."

कप घेऊन तासन् तास उभं राहणं म्हणजे विचारणंच, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते.

नव्या पट्ट्या त्या दोघांनीच लावल्या. तिनं चिकटपट्टीनं सरळ रेघ आखली, आण्णांनी एका टोकाकडून तळव्यानं दाबत आणलं, तिनं दुसऱ्या टोकाकडून. माझा टवका पट्टीच्या जरा वरच राहिला, उघडा. मी घरात जाऊन चहा ठेवला.

भाऊबीज भावाविनाच झाली. निघताना मला यष्टीवर सोडायला दोघं आले. गाडी ती चालवत होती, आण्णा शेजारी, मी मागं पिशव्यांबरोबर. वाटेत आण्णांनी कान टवकारले. "ऐकलास?"

"व्हय. दुसऱ्या गिअरला येतोय," ती म्हणाली.

"कसला आवाज?" मी पुढं वाकून विचारलं.

"काय न्हाई," दोघं एकदमच म्हणाले.