सुताच्या गाठी

वर्ध्याच्या एका दवाखान्यात, कॅन्सरच्या वॉर्डात मी रुग्णांच्या मागण्यांची पत्रकं वाटत होतो. कोपऱ्यातल्या खाटेवरच्या बाईंचं नाव विचारायचं राहून गेलं. डॉक्टर रोज दुखणं दबवायची सुई दिल्यावरच येत, "दुखतं का?" विचारत आणि तक्त्यावर 'आराम' लिहीत. त्या दिवशी बाईंनी उशीखालचा सुताचा धागा त्यांच्या हातात ठेवला.

"हा धागा म्हंजे माहं सदाचं दुखणं, साहेब. कळ उठली का गाठ मारली. तवा तुमी घरी जेवून राह्यले असता. आराम कोनाले हाय, मले का तुमाले?"

वॉर्ड हसला. डॉक्टर गाठी चाचपत राहिले.

"खोडा अगुदर," बाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी तक्त्यावरचं 'आराम' खोडलं. माझ्या पत्रकात खाटा मागितल्या होत्या, पंखे मागितले होते. 'दुखतं' हा शब्द कुठेच नव्हता.