मायचं आयोडीन

मला गप्प बसता येत नाही. प्रयोगशाळेत एखादी गोष्ट जमली की समोर येईल त्याला धरून मी ती सांगते, त्याला ऐकायचं आहे की नाही हे विचारायचं माझ्या लक्षातच राहत नाही. त्यामुळे कुरुंद्याजवळच्या आमच्या गावात माझ्या अणूंची कथा ज्याला ठाऊक नाही असा माणूस सापडणं अवघड आहे.

कथा अशी. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत मी रुबिडियम नावाच्या धातूचे अणू थंड करते. फ्रीजमधलं थंड नव्हे. त्यांच्यापुढे बर्फ म्हणजे पेटलेली चूल वाटावी इतकं थंड. अणू एरवी सुसाट पळत असतात. त्यांच्यावर सहा बाजूंनी लेझरचा प्रकाश सोडला की ज्या दिशेला पळावं तिकडूनच उलटा धक्का बसतो, आणि ते हळू होत होत जवळजवळ थांबतात. मग कॅमेऱ्यात एक लहानसा चकचकीत ठिपका दिसतो. तो पहिल्यांदा दिसला तेव्हा मी ओरडले, नाचले आणि घरी फोन लावला.

"म्हंजी मेंढरांना वाघर लावल्यावाणी," दादा म्हणाले. माझे वडील आयुष्यभर मेंढरांमागे चाललेले. मुक्कामाला मेंढरांभोवती जाळ्याची वाघर लावायची हे त्यांचं रोजचं काम. बरोबर पकडलं होतं त्यांनी.

मायनं फोन घेऊन विचारलं, "जेवलीस का?"

मायला माझ्या अणूंचं कधी काही वाटलं नाही. तिला शेळ्यांचं वाटायचं. आडवं आलेलं करडू पोटातल्या पोटात फिरवून सोडवणारे तिचे हात पंचक्रोशीत प्रसिद्ध. मला दिवस गेल्याचं कळलं त्याच दिवशी तिनं जाहीर केलं, "पयलं बाळंतपन माहेरात. माह्या हातात येईल लेकरू." सातवा महिना संपल्यावर मी रजा टाकून गावी आले ती याच हुकमानं.

पण मध्ये एक गोष्ट झाली होती. हिवाळ्यात मायच्या गळ्याला गाठ आली. शहरातल्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, थायरॉइडची ग्रंथी काढली, आणि ती गाठ कॅन्सरची निघाली. ऑपरेशननंतर गळ्यात थोडं काही उरलं असल्याचं तपासणीत दिसलं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, आता किरणोत्सारी आयोडीनची एक गोळी द्यायची. थायरॉइडच्या पेशी आयोडीन हावरटासारखं ओढून घेतात, उरल्यासुरल्या असतील त्याही घेतील, आणि ते आयोडीन आत बसून त्यांना जाळेल. दुसऱ्या कशाला फारसा हात लावणार नाही.

हे ऐकताना मला किती आनंद झाला हे सांगायची लाज वाटते. मायला कॅन्सर झालेला, आणि मी खुर्चीच्या टोकावर येऊन डॉक्टरीणबाईंना प्रश्न विचारते आहे! पण काय करू, ही युक्तीच तशी सुंदर आहे. रोगाच्याच हावरटपणाला गळाला लावायचं.

मग त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली. गोळी घेतल्यावर मायच्या अंगातून काही दिवस किरण बाहेर पडत राहणार. तीन दिवस दवाखान्यात एकटीनं खोलीत राहायचं, आणि घरी गेल्यावर गोळीच्या दिवसापासून पुरे एकवीस दिवस गरोदर बाई आणि लहान लेकरू यांच्या जवळ जायचं नाही.

माय उठली. "मंग बाळंतपन झाल्यावर बघू," म्हणाली आणि पिशवी उचलून चालायला लागली.

महिनाभर हाच तमाशा. मी म्हणाले, मी पुण्याला परत जाते. तर ती म्हणाली, "माह्या अंगनातून भरल्या पोटी परत जाशील? काहून? म्या मेले का?" दादांनी समजावलं, त्यांच्याशी तिनं दोन दिवस अबोला धरला. बाळंतपण झाल्यावर तरी ती जाणार होती का? तेव्हा घरात तान्हं लेकरू असणार. मग सव्वा महिना होऊ दे, मग बारसं, मग लेकराला दात येऊ दे. मला सगळं दिसत होतं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की हे लांबवू नका. शेवटी दादांच्या धाकानं तिनं गोळीआधीचं पथ्य तेवढं सुरू केलं. गोळीआधी अंगात दुसरं आयोडीन जाऊ नये म्हणून पुडीचं मीठ बंद, दूध बंद. शेळ्यांच्या धनिणीला दूध बंद! पण गोळीचं नाव काढलं की ती ऐकू न आल्यासारखं करायची.

एके दिवशी दुपारी दवाखान्यातून फोन आला. पुढच्या सोमवारी गोळी येणार, नक्की घेणार ना, आजच सांगा. मी आणि माय अंगणात हळदीचं बेणं निवडत बसलो होतो.

"त्यांना म्हनाव, ठेवून द्या," माय म्हणाली. "मी येते दोन-तीन महिन्यांनी."

"ठेवता येत नाही गं. ती अणुभट्टीत तयार होते, तुझ्या नावानं गाडीत बसते, आणि तयार झाल्यापासून संपायला लागते. आठ दिवसांत निम्मी, अजून आठ दिवसांत त्याच्या निम्मी."

माय हातातलं कोंब आलेलं बेणं न्याहाळत बसली. मग म्हणाली, "मला एक सांग. तू तिकडं अणू थंडे करून उभे करतीस ना?"

"व्हय."

"हे आयोडीन बी अणूच हाय ना?"

"व्हय."

"मंग कर की त्याला थंडं. तुझं बाळंतपन होईस्तोवर उभं करून ठेव. मंग मी खाते."

मी ताडकन उठले. आठ महिन्यांची पोटुशी बाई जितकी ताडकन उठू शकते तितकी. मांडीवरची हळद सगळी अंगणात. नऊ वर्षं मी या विषयात घालवली, मोठमोठ्या लोकांसमोर भाषणं केली, आणि इतका नेमका प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी हळदीच्या तुकड्यानं फरशीवर एक मोठं वर्तुळ काढलं आणि मधोमध एक ठिपका.

"हे बघ माय. हा सगळा अणू. मी थंड करते तेव्हा हा अख्खा अणू पळायचा थांबतो. पण याच्या पोटात हा बारका गाभा आहे. आयोडीन झिजतं ते इथं, गाभ्यात. बाहेर बर्फ आहे का वणवा, गाभ्याला पत्ताच नसतो. मी अणूला कितीही थंड केलं, अगदी जागच्या जागी उभं केलं, तरी आतलं चालूच राहणार. आठ दिवसांत निम्मं म्हणजे निम्मं. जगातली कुठलीच प्रयोगशाळा ते अशी थंडी देऊन थांबवू शकत नाही."

मला धाप लागली होती. माय त्या ठिपक्याकडे बघत होती. मग तिची नजर माझ्या पोटावर गेली आणि तिथंच राहिली.

"पोटातल्या लेकरावाणी हाय म्हन की," ती म्हणाली. "बाई बसली काय, पळाली काय. लागायचे ते दिस लागत्यात."

"बराबर."

"अन् माह्या गळ्यातलं? ते बी आतल्या आत चालूच आसंल. माह्यासाठी थांबलं नसंल."

आयुष्यात पहिल्यांदाच मला कुणी गप्प केलं होतं.

"लाव फोन," माय म्हणाली आणि पुन्हा बेणं निवडायला लागली.

माझी तारीख तेव्हा सहा आठवड्यांवर होती, गोळीच्या सोमवारी ती पाच आठवड्यांवर येणार. मी बोटांवर मोजलं. एकवीस दिवस गेले तरी वर दोन आठवडे शिल्लक. सगळं बसत होतं. मी इतकी खूश झाले की आत्याला, म्हणजे दादांच्या बहिणीला, फोन करून पुन्हा सगळी अणूंची कथा सांगितली. ती म्हणाली, बाई, माय नसेल तेव्हा तुझ्या सोबतीला मी येते, पण आता फोन ठेव.

मायसोबत दादा गेले. तिनं खोलीतून मला फोन केला. "एवढीशी गोळी गं! अन् तिला ठेवायला शिशाचं एवढं जड भांडं. आपल्या उखळावाणी." दिवसभर पाणी पीत राहा म्हणाले, लिंबू चघळायला दिलं. एक माणूस दारात उभा राहून रोज तिच्याकडे किरण मोजायचं यंत्र धरायचा आणि आकडा लिहून घ्यायचा. दुसऱ्या दिवशी आकडा बराच उतरला तेव्हा मी इकडे टाळ्या वाजवल्या. तिसऱ्या दिवशी सुट्टी देताना मायनं त्या माणसाला विचारलं, "पोटुशा बाईजवळ जायाचं न्हाई ते समजलं. पन माह्या दोन शेळ्या गाभन हायेत. त्यांचं कसं?"

तो हसला, मग थांबला, मग डॉक्टरीणबाईंना विचारायला गेला. त्याही म्हणे आधी हसल्या आणि मग म्हणाल्या, त्यांनाही लांबच ठेवा, उगाच धोका कशाला. हे मी, नऊ वर्षं अणूंत घालवलेल्या बाईनं, मनातही आणलं नव्हतं.

माय परस्पर आखाड्यावर उतरली. शेतातल्या घराला आमच्याकडे आखाडा म्हणतात. आमचा आखाडा आणि गावाच्या कडेचं आमचं घर यांच्यामध्ये एकच वावर, हळदीचं. हळद काढून झालेली होती, म्हणून इकडून तिकडचं स्वच्छ दिसायचं. तिच्या सोबतीला फक्त बोकड. गाभण शेळ्या दादांनी घरी आणून बांधल्या, आणि आम्ही तिघी पोटुशा एका अंगणात नांदायला लागलो. सकाळी मी ओट्यावर, ती तिकडे कडुलिंबाखाली, आणि एकमेकींकडे बघत आम्ही फोनवर बोलायचो. अंतर दुप्पट झालं की किरण चौपट कमी होतात, हे मी तिला सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिनं बाज आणखी मागे सरकवलेली होती.

सोळाव्या दिवशी दुपारी माझ्या कळा सुरू झाल्या. माझं सगळं गणित तिथं कोसळलं. दादांनी जीप आणली, आत्या मागे बसली, आणि वसमतच्या दवाखान्यापर्यंत माय फोनवर. "दात आवळू नको. वरड. लई तकलीफ झाली तर माह्या नावानं वरड." मी ओरडले. दिवेलागणीला मुलगी झाली. लहानखुरी, पण ठणठणीत. आत्यानं फोन तिच्या तोंडाशी धरला, आणि ते रडणं मायनं आखाड्यावर बसून ऐकलं. मला फार वाईट वाटलं. जिच्या हातात पहिलं यायचं होतं ती तेवढी तिथं नव्हती.

तीन दिवसांनी मी लेकराला घेऊन घरी आले. ओट्यावर उभी राहिले तर माय वावराच्या पलीकडच्या बांधावर येऊन उभी. हात मागे बांधलेले. आत्यानं दुपटं बाजूला करून लेकराचं तोंड तिकडे केलं, पण एवढ्या लांबून काय दिसणार?

मला राहवेना. मी फोन लावला. "माय, ये. मी हिशोब केलाय. एकोणीस दिवस झाले. पावाच्याही खाली आलंय, आणि अंगातून तर त्याच्या कितीतरी आधी निघून जातं. उरलं असेल ते नावाला. एक मिनिट घे आणि जा."

मी! आयुष्यभर एकेका आकड्यासाठी विद्यार्थ्यांना रडवणारी मी!

"डॉक्टरीनबाईनं किती दिस सांगितले?" मायनं विचारलं.

"एकवीस."

"आज कितवा?"

"एकोणीस."

"मंग? तूच म्हनली व्हतीस ना, ते कुनासाठी थांबत न्हाई. तसं आपन बी त्याच्या म्होरं पळू न्हाई. लागायचे ते दिस लागत्यात." आणि ती तिथंच बांधावर बसली, आमच्याकडे तोंड करून. ऊन उतरेपर्यंत बसली होती. मला तिचा राग आला, अभिमान वाटला, आणि मी आत जाऊन भरपूर रडले.

पुढे कितीतरी महिन्यांनी तपासणीत तिचा गळा साफ निघाला आणि डॉक्टरीणबाईंनी तिला आता तपासणीचं पथ्य सोडून मीठ-दूध खुशाल खा म्हणून सांगितलं, तेव्हाही मी नाचले. पण मला आठवते ती बाविसाव्या दिवसाची सकाळ. माय वाट सोडून सरळ वावरातून आली. न्हालेली, ठेवणीतलं लुगडं नेसलेली. ओट्यावर बसली, तळहात एकमेकांवर घासून ऊन केले आणि पुढे धरले. मी लेकराला त्यात ठेवलं.

तिनं पहिल्यांदा करंगळी लेकराच्या तोंडात दिली. नवं करडू दूध ओढेल की नाही हे ती असंच बघते. "वढ चांगली हाय," ती म्हणाली. मग गाल तिच्या टाळूला लावला आणि डोळे मिटले. "किती गरम हाय गं हे!"

मायचा गळा, ऑपरेशनची ती आडवी रेघ, तिच्याखाली लेकराचं डोकं. मी बघतच राहिले. थोड्या वेळानं लेकरू कुरकुरायला लागलं, तिला भूक लागली होती. मी हात पुढे केले.

"थांब," माय डोळे न उघडताच म्हणाली. "म्या एकवीस दिस थांबले. तू पाच मिनिटं थांब."