रवळनाथाने न दिलेला कौल

खोटं कशाला सांगू, त्या दिवसांत माझी श्रद्धा डळमळली होती. तीन वर्षांपूर्वी ह्यांच्या हृदयाला पंप बसवला. कमरेला बॅटऱ्या लावून हे मुलुंडच्या बाजारातून घासाघीस करून भाजी आणत, सगळं बरं चाललं होतं. मग पंपाची वायर पोटातून बाहेर येते तिथे जंतुसंसर्ग झाला, तो काही केल्या हटेना. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, "उद्या संसर्ग रक्तातून मेंदूपर्यंत पोचला, शुद्ध गेली, तरी पंप चालूच राहील. तो केव्हा थांबवायचा, हे आत्ताच ह्यांच्याशी बोलून ठरवा."

मी बोलले नाही. पंधरा दिवस नुसती इकडचं तिकडचं बडबडत राहिले. डाळ करपवली, शेजारणीशी भांडले, पण तो विषय काढायची छाती होईना. शेवटी आम्ही कोकणातली माणसं करतो तेच केलं. गावी दिरांना फोन करून रवळनाथाला कौल लावायला सांगितला. देवाच्या अंगावर फुलांचे कळे चिकटवायचे. उजवा पडला तर हो, डावा पडला तर नको. म्हणजे ह्यांचा पंप थांबवायला होकार द्यायचा की नाही, ते मी ह्यांच्या नकळत देवाकडून ठरवून घेणार होते.

सोमवारी सकाळी स्वयंपाकघराचं दार लोटून फोन कानाला लावून बसले. तिकडे गुरवांनी गाऱ्हाणं घातलं. दहा मिनिटं गेली, अर्धा तास गेला, एकही कळा हलेना.  मला राग आला; इतकी वर्षं दिरांच्या हातून नारळ ठेवले आणि आज हा गप्प. मग म्हातारे गुरव स्वतःच फोनवर आले. त्यांनी मला कधी पाहिलंही नव्हतं.

"बाय, ज्याचो जीव त्याका इचारलंस?"

मी फोन खाली ठेवला. तशीच उठून आतल्या खोलीत गेले आणि ह्यांना विचारलं.

"किती दिवस वाट बघतोय, कधी विचारतेस म्हणून," हे म्हणाले. "तुला ओळखेनासा झालो की थांबवा. इथे घरीच. आणि ऐक, तेव्हा 'हो' तू म्हणायचं नाहीस. मी आत्ताच म्हणून ठेवतो. नाहीतर जन्मभर जिवाला लावून घेशील."

मी ह्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंसमोर ह्यांनी सगळं नीट सांगितलं आणि कागदावर सही केली.

हे आहेत अजून. भीतीही आहे. देवावर भार टाकते म्हणत मी माझं ओझं त्याच्या दारात ठेवून पळत होते, हे आता कळतं. त्याच्या त्या गप्प राहण्यासाठी मी रोज हात जोडते. एखादा कळा पडला असता, तर मी ह्यांना विचारलंच नसतं.