नवव्या मजल्यावरची मिजास

हे मी बायकोलाही आजवर सांगितलेलं नाही, आणि सांगायचं ते तिच्याच मामांबद्दल आहे. आमच्या मामांइतका मिजासखोर माणूस अख्ख्या चेन्नईत सापडणार नाही. मिजास स्वतःची असती तर एक वेळ चाललं असतं. ती इमारतीची होती. परंगीमलैची टेकडी समोर दिसते अशी ही नऊ मजली इमारत साठच्या दशकात म्हणे बड्या लोकांसाठी बांधलेली. संगमरवरी जिना, नोकरांना वेगळी लिफ्ट. आम्ही राहायला गेलो तेव्हा संगमरवर पिवळा पडला होता, छतातून सळया डोकावत होत्या आणि नळाचं पाणी चहाच्या रंगाचं होतं. मामा मला तंजावरी घरांतल्या रिवाजाप्रमाणे ‘माप्पिळ्ळे’, म्हणजे जावई, म्हणत. “माप्पिळ्ळे, जुन्या पाइपाचं पाणी अहे. लोह असतं त्यात. रक्ताला बरं!”

शर्टाची वरची गुंडी लावल्याशिवाय ते लिफ्टमध्ये पाऊल ठेवत नसत. एकदा लुंगी नेसून आत शिरलेल्या गृहस्थाला त्यांनी बाहेर काढलं. “अय्यो, हे लिफ्ट अहे, न्हाणीघर नव्हे!” तो गृहस्थ त्यांचा सख्खा व्याही होता, बिचारा नऊ मजले चढून जेवायला आला. लिफ्ट अडकली, आणि ती आठवड्यातून दोनदा अडकायचीच, की मामा आतल्यांना इमारतीचा इतिहास ऐकवत. पळणार कुठे?

मग बिल्डर आला. जुनी पाडून नवी बांधणार म्हणाला. मात्र गुप्त मतदानात एकाहून जास्त विरोध निघाला तर तो परत जाणार होता. मामा निश्चिंत. “एक माझं, एक तुझं. शरी?”

“शरी, मामा,” मी होकार भरला. आम्हाला तिथला फ्लॅट त्यांनीच शब्द टाकून मिळवून दिला होता. आणि चिठ्ठीवर मी ‘पाडा’पुढे खूण केली. मला धड बाथरूम हवं होतं. दुसरं काही कारण नाही.

विरोधी मत एकच निघालं. मामा ताडकन उठले. “आमच्या माप्पिळ्ळेचं मत गिळलात! परत मोजा!” परत मोजलं. एकच. मी चपलेच्या अंगठ्याकडे बघत बसलो. मामांनी माझ्याकडे पाहिलं, मग आपल्या थरथरत्या उजव्या हाताकडे. “तर ते एक मत त्याचंच,” ते म्हणाले. “माझा हात चुकला असेल.” आणि खाली बसले. माझा संशय त्यांना शिवलासुद्धा नाही.

आता ते शहराबाहेर आवडी नावाच्या उपनगरात मुलाकडे असतात, तळमजल्यावर. गेलो की भाचीला सांगतात, “तुझ्या नवऱ्यानं साथ दिली, मीच घात केला.” मुलानं कागद पुढे केला तर सही करत नाहीत. “हा हात भरवशाचा नव्हे,” म्हणतात, आणि अंगठा उमटवतात.

मामांचा हात चुकला नव्हता. हे मी त्यांना सांगायला हवं. अजून सांगितलेलं नाही.