आंटींचा चहा

दोस्तहो, आज मले माझीच लाज वाटून राहिली.

रुआबांध्याचे आमचे शेजारी, पादरी अंकल, त्यांच्या मातीले गेलो होतो. लुथरन चर्चचे मोठे अभ्यासक. जाडजूड पुस्तकं लिहिली, पण मले सोप्पं करून सांगायचे, "देव वर कुठं शोधतो? तो रडणाऱ्याच्या बाजूले बसला असतो."

बाबा गेले तेव्हा सुतकाच्या घरी कोणी पाणीही घेत नव्हतं. अंकल आईपाशी बसले अन् म्हणाले, "भाभी, चाय पिलाओगी?" दोन दिवसांत पहिल्यांदाच आई जागेवरून उठली, चहा ठेवायले.

आज कब्रस्तानातून परतलो तर अंकलच्या घरच्या, आंटी, त्यांच्या फाटकाशीच उभ्या. "बेटा, चाय पी के जाओ. अकेले नहीं पी जा रही."

मसणातून आल्यावर आंघोळीआधी काही घ्यायचं नाही, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. तोंडातून निघून गेलं, "आंटी, पहले नहा के आता हूँ."

आंघोळ करून धावत गेलो. दार बंद. व्हरांड्यात दोन कप, दोन्ही भरलेले, दोन्हींवर साय.

खरं सांगा, तुम्ही बसले असते ना? मग मी कावून नाही बसलो?