न्हाणीची चौकट आणि वहिनींची पीठ-साखर

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. वहिनी देवास सोडून धारला का गेल्या, असं कुणी विचारलं की मी म्हणायचो, "माहेरची ओढ, दुसरं काय." ते खोटं होतं. त्या गेल्या माझ्यामुळे.

थोरले बंधू वारल्यावर वहिनी आमच्याकडे राहायला आल्या. पूजा झाली की तुळशीपाशी मुंग्यांना चिमूटभर पीठ-साखर घालायच्या. नेम बंधूंचा, तो त्यांनी पुढे चालवला.

त्या वर्षी न्हाणीच्या चौकटीखाली भुसा पडू लागला. सकाळी झाडला तरी संध्याकाळी पुन्हा ढीग, जणू आत कुणी करवत चालवतंय. दिवेलागणीला काळे मुंगळे रांगेनं बाहेर पडत. वाळवीच असणार म्हणून मी बाजारातून औषध आणून फवारलं. दोन दिवस बरे गेले, मग मुंगळे स्वयंपाकघरातही दिसू लागले. तुळशीपाशी साखर घातल्यामुळेच हे येतात, असं मी म्हणू लागलो.

"भावजी, हे तुळशीकडचे नव्हेत," वहिनी म्हणाल्या. "तिथल्या मुंग्या बारीक, तांबड्या. हे न्हाणीतूनच निघतात, मी बसून पाहिलंय. नळामागची भिंत ओली आहे, मागंही बोलले होते."

बोलल्या होत्या. मी नळवाल्याला आज बोलावतो, उद्या बोलावतो करत राहिलो होतो.

त्या रविवारी व्याही आले. त्यांच्या बशीच्या काठावर एक मुंगळा चढला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं आणि सगळ्यांदेखत मी म्हणालो, "पुण्य वहिनींचं आणि पोखरलं जातंय माझं घर. दुसऱ्याच्या घरी राहायचं तर त्याच्या रीतीनं राहावं."

वहिनींनी पीठ-साखरेचा डबा फडताळात मागे सरकवला. आठवड्याभरात त्यांचे भाऊ येऊन त्यांना धारला घेऊन गेले.

भुसा पडतच राहिला. शेवटी मिस्त्री आला. त्यानं चौकट बोटांनी ठोकली, आवाज पोकळ आला. पटाशीनं लाकूड उचकटलं तर आत गुळगुळीत बोगदे, मुंगळ्यांनी भरलेले.

"बाबूजी, दीमक नी है ये. दीमक होती तो मिट्टी होती. ये लकड़ी खाते नहीं, गीली लकड़ी में घर बनाते हैं." म्हणजे वाळवी नव्हतीच.

मागे नळाचा सांधा पाझरत होता. आधी तो दुरुस्त झाला, मग कुजलेलं लाकूड निघालं. उरलेल्या मुंगळ्यांसाठी मिस्त्रीनं बोरिक पावडर काढली आणि विचारलं, "शक्कर है घर में? दवा छिड़कोगे तो बिखर जाएँगे. मीठा खुद उठाके ले जाएँगे."

साखर मीच आणून दिली. वहिनींच्या चिमटीत मावायची तेवढीच लागली.

महिन्याभरानं धारला गेलो, तेच सांगायला. वहिनींनी पोहे पुढे ठेवले. त्यांचे भाऊ शेजारी बसले होते.

"चौकट झाली का, भावजी?"

"झाली."

"आणि भिंत?"

"तीही."

"बरं झालं," म्हणाल्या आणि पोह्यांवर आणखी शेव घातली. त्यांना सारं कळलं होतं. चारचौघांत त्यांना बोलताना मला काही वाटलं नव्हतं, इथं त्यांच्या एकट्या भावासमोर तोंड उघडेना. दुपारच्या बसनं परत आलो. पुढच्या खेपेला बोलू, असं ठरवलं. त्याआधीच वहिनी वारल्या.

वहिनी, भिंत ओली होती. तुम्ही सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. बोललो ते सगळ्यांदेखत, म्हणून हेही सगळ्यांदेखत सांगतो: चूक माझी होती. मला क्षमा करा.